अन्न जाईना, झोप येईना : एका जुन्या क्रियारूपाचा केसपेपर

‘अन्न जाईना, झोप येईना, ताप उतरेना.’ भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण किंवा आळंद यांपैकी कोणत्याही तालुक्यात ज्याने चार महिने दवाखाना चालविला आहे, त्या डॉक्टरास ही तीन वाक्ये पाठ असतील. आपण ती ऐकतो, मान डोलावतो आणि केसपेपरवर तीन इंग्रजी शब्द लिहून मोकळे होतो. या वाक्यांतील क्रियापदे किती जुनी आहेत आणि ती रुग्णाविषयी किती नेमकी माहिती देतात, हे सांगावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे ‘वैद्यकीय विषयावर काहीतरी’ मागितले होते. व्याकरण हे वैद्यकीय विषयात मोडते की नाही, याचा निर्णय वाचकांनी लेख वाचल्यावर करावा.

शाळेत आपण सर्वांनीच रीतिभूतकाळ शिकला असेल. ‘आजोबा पहाटे उठे, नदीवर जाई, पूजा करी’ असे लिहिले तर शिक्षक आदरार्थी अनेकवचनाची आठवण करून देत आणि ‘उठत, जात, करीत’ असे सुधारून घेत. पण काळ मात्र बरोबर असे. क्रिया भूतकाळात एकदाच घडून गेली नाही, ती रिवाजाने पुनःपुन्हा घडत होती, हे एका ‘ई’ने किंवा ‘ए’ने सांगणारे हे रूप. प्रत्ययावरून त्याला ‘ई-आख्यात’ असेही म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ सालच्या ग्रंथात आख्यातांचा जो विस्तृत विचार आहे, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. त्यातील एक बारकावा येथेच सांगून ठेवतो. सकर्मक धातूंस बहुधा ‘ई’ लागते : करी, मारी, सोडी, अकर्मकांस ‘ए’ : बसे, उठे, दुखे. ‘खाई त्याला खवखवे’ या तीन शब्दांच्या म्हणीत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात.

आज हे रूप बोलण्यातून गेले आहे. चरित्रात, आत्मचरित्रात, राजाराणीच्या गोष्टीत ते भेटते. पण घरी कोणी ‘लहानपणी मी फार पडे’ असे म्हणत नाही. ‘पडायचो’ म्हणतो, किंवा फार तर ‘पडत असे’. पुस्तकात शिरलेले आणि ओठांवरून उतरलेले असे हे रूप आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मलाही ती अर्धी मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी पुढे लिहितो.

बोलीने टाकलेले आणि पुस्तकाने सांभाळलेले भूतकाळाचे रूप ही काही मराठीचीच मिरास नव्हे. इटालियन भाषेत ‘पास्सातो रेमोतो’, म्हणजे ‘दूरचा भूतकाळ’, असे एक रूप आहे. ‘मी गेलो’ हे त्या रूपात ‘आन्दाई’ असे एका शब्दात होते. ते थेट लॅटिनच्या जुन्या भूतकाळापासून आलेले. उत्तर इटलीत, मिलान-तुरीनकडे, हे रूप माणसे वाचतात आणि लिहितात. बोलताना मात्र ‘सोनो आन्दातो’ असे दोन शब्दांचे जोडरूप वापरतात. मध्य भागातील तोस्कानात दोन्ही रूपे चालतात. घटना मनाला किती दूरची वाटते त्यावर निवड ठरते. आणि दक्षिणेस सिसिलीत गेले की हेच पुस्तकी रूप भाजीबाजारात ऐकू येते. आज सकाळी घडलेली गोष्टसुद्धा लोक त्याच रूपात सांगतात. मिलानमध्ये शिकलेला डॉक्टर पालेर्मोच्या दवाखान्यात बसला, तर समोरचा कोळी कादंबरीच्या भाषेत पोटदुखी सांगतो आहे असे त्याला वाटावयाचे. एकाच देशातील एका टोकाला जे साहित्यिक, ते दुसऱ्या टोकाला रोजचे. ही गोष्ट वाचल्यापासून मी आपल्या ‘येई-जाई’कडे निराळ्या कानाने पाहू लागलो. कानाने पाहणे हा शब्दप्रयोग संपादकांनी कृपया तसाच ठेवावा. स्टेथोस्कोप वापरणाऱ्यांस तो कळेल.

मराठी रूपाची कुळकथा इटालियनहून अधिक चमत्कारिक आहे, कारण ते मुळात भूतकाळाचे नव्हतेच. संस्कृतात ‘करोति’, प्राकृतात ‘करइ’, आणि जुन्या मराठीत ‘करी’. तिन्हींचा अर्थ ‘करतो’. महानुभावांच्या गद्यात, ज्ञानेश्वरीत ‘करी, म्हणे, जाय’ हा चालू वर्तमानकाळ आहे. पुढे ‘करीत असे’, ‘करितो’, ‘करतो’ हे नवे रूप आले आणि त्याने वर्तमानकाळाची ओसरी व्यापली. घरात खुर्ची आली की जुना पाट फेकून देत नाहीत, तो देवघरात जातो. तसे जुने ‘करी’ कथनात आणि रिवाजात जाऊन बसले. कथेकरी ‘राजा म्हणे’ असे म्हणतो तेव्हा तो राजा समोर बोलत असतो आणि मेलेलाही असतो. अशा कथनांतून वर्तमानाचे रूप हळूहळू मागे सरकले. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झालेल्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथात या जुन्या वर्तमानाचा माग काढला आहे.

हेच मूळ रूप बहिणींच्या घरी वेगवेगळे नांदले. गुजरातीत ‘करे’ अजून वर्तमानात आहे. हिंदीत ‘करे’ म्हणजे ‘करावे, करो’; तेथे ते इच्छेचे आणि संशयाचे रूप झाले. मराठीत ते मागे गेले, आणि त्याच वेळी शेपटीला एक ‘ल’ लावून पुढेही गेले : करी-करील, बसे-बसेल, येई-येईल. म्हणजे आपला भविष्यकाळ याच लाकडाचा घडविलेला आहे. म्हणींनी तर मूळचा वर्तमान जसाच्या तसा राखला. ‘दाम करी काम’, ‘बळी तो कान पिळी’, ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणींत भूतकाळ कोठे आहे? दाम पूर्वी काम करी आणि आता करीत नाही, असा अनुभव निदान आपल्या तालुक्याच्या ठिकाणी तरी नाही.

आपल्या भागास हे रूप परके वाटू नये याला आणखी एक कारण आहे. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात. गुरुचरित्राचा कर्ता सरस्वती गंगाधर हा कन्नडभाषक. त्याने ग्रंथ मराठीत रचला. त्यातील कथन ‘म्हणे, करी, येती’ याच रूपांनी चालते. आजही दत्तजयंतीच्या सुमारास आपल्याकडील अनेक घरांत सप्ताह बसतो. ज्यांचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले आणि जे घरात कन्नडच बोलतात, असे लोकही सात दिवस हे रूप मोठ्याने उच्चारतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंची मराठी आणि कन्नड पदे एका बैठकीत म्हटली जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, उदगीर-निलंगा एकीकडे, भालकी-औराद दुसरीकडे, जहीराबाद-नारायणखेड तिसरीकडे गेले. पण पोथ्यांचे वाटप झाले नाही.

आता दवाखान्यात येऊ.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त मराठी शिक्षक माझ्याकडे आले. त्या पिढीतील शिक्षकांच्या सवयीप्रमाणे त्यांनी आपली तक्रार आखीव कागदावर, समास सोडून, लिहून आणली होती. मजकूर थोडक्यात असा : दिवाळीपूर्वी चढण चढताना छाती भरून येई, क्षणभर थांबलो की ओसरे, गेल्या आठवड्यापासून बसल्या जागी भरून येते. सोबत दुसऱ्या एका दवाखान्याचा आदल्या दिवशीचा केसपेपर होता. त्यावर ‘छातीत दुखणे, तीन महिने’ एवढेच इंग्रजीत लिहिलेले होते आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन्ही कागद खरेच होते. पण गुरुजींच्या कागदावर क्रियापदाने काळ बदलला होता. ‘येई’ आणि ‘ओसरे’ म्हणजे श्रमाने येणारी, विश्रांतीने जाणारी, ठरल्या रिवाजाची वेदना. वैद्यकात तिला स्थिर अँजायना म्हणतात. ‘येते’ म्हणजे तो रिवाज मोडला, वेदना आता श्रमाची वाट पाहत नाही. ही अस्थिर अँजायना, हृदयविकाराच्या झटक्याची पूर्वसूचना. दोन्हींच्या उपचारात आणि घाईत केवढे अंतर आहे, ते वैद्यकबंधूंना सांगावयास नको. ई. सी. जी. काढून त्यांना त्याच दुपारी हैदराबादेस पाठविले. स्टेंट बसवून ते परत आले आणि पुढच्या भेटीस, पुन्हा आखीव कागदावर, ‘आता चढताना भरून येत नाही’ असे लिहून आणले.

सगळेच रुग्ण शिक्षक नसतात हे खरे. आपल्याकडील शेतकरी ‘येई’ म्हणत नाही. तो ‘भरून यायचं’ म्हणतो आणि पुढे ‘आता बसल्या जागी दुखायलंय’ म्हणतो; उदगीर-देगलूरच्या बाजूचा असेल तर ‘दुखूलालंय’ म्हणेल. पण ‘यायचं’ हे ‘येई’चेच काम करते. माझे म्हणणे इतकेच की रीतिभूतकाळ हा प्रश्नपत्रिकेतील चार गुणांचा विषय म्हणून आपण मागे टाकला, आणि रुग्ण मात्र तो फरक रोज करीत राहिला. ‘दुखलं’, ‘दुखत होतं’, ‘दुखायचं’ आणि ‘दुखतंय’ या चार रूपांना केसपेपरवर एकच इंग्रजी नाम मिळते. नामाला काळ नसतो. एक दिवसाआड ‘थंडी वाजून यायची’ असे सांगणाऱ्या रुग्णाचा ताप आणि ‘परवा थंडी वाजली’ असे सांगणाऱ्याचा ताप, हे दोन्ही ‘थंडीताप’ या एका नामाखाली गेले की हिवतापाची पाळी कागदावरून पुसली जाते.

आणि आता त्या उरलेल्या अर्ध्याविषयी. ‘येई’ बोलण्यातून गेले खरे, पण ‘येईना’ गेले नाही. जुन्या वर्तमानाच्या रूपाला ‘ना’ जोडून झालेला हा नकार. ‘उतरे’ कोणी म्हणत नाही. ‘उतरेना’ सगळे म्हणतात. नकाराच्या आश्रयाने या रूपाने आपला सातशे वर्षांपूर्वीचा वर्तमानकाळ टिकविला आहे. ‘रात्रभर त्याला झोप येईना’ असे गोष्टीत म्हटले तर ते भूतकाळाचे. पण खाटेवरचा रुग्ण ‘झोप येईना’ म्हणतो तेव्हा ते या क्षणाचे असते. रुग्ण म्हणतो, ताप उतरेना. डॉक्टर म्हणतात, उतरेल. एकाच ‘उतरे’ला एकाने ‘ना’ लावला, दुसऱ्याने ‘ल’. सगळी ओपीडी या दोन अक्षरांत चाललेली असते.

‘येईना’ आणि ‘येत नाही’ यांत फरक काय? पुष्कळ आहे. ‘बाळ दूध पीत नाही’ आणि ‘बाळ दूध पिईना’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात सवय आहे : वरचे दूध आवडत नाही, आईला कमी येते, पंधरा दिवसांपासूनचे गाऱ्हाणे आहे. दुसऱ्यात काहीतरी नव्याने बिघडले आहे : काल पीत होते, आज तोंडाला लावले तरी घेत नाही, प्रयत्न केला, फसला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात बालरोगांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची जी पद्धत घालून दिली, तीत ‘पिऊ न शकणे’ हे पहिल्या धोक्याच्या लक्षणांत आहे. उलटीवाटे सगळे पडणे, झटके येणे आणि सुस्ती वा बेशुद्धी ही त्याच पंक्तीतील. नवजात बालकाच्या जंतुदोषात कित्येकदा ताप नसतो, रडणे नसते. फक्त एवढेच असते की ते पिईना झालेले असते. आमच्या भागातील आई ते लक्षण व्याकरणासह सांगते. ‘पिईना झालंय’ हे शब्द कानी पडले की रांग बाजूस सारून ते मूल आधी पाहावे, असे मी माझ्या परिचारिकांना सांगून ठेवले आहे. त्या ते व्याकरण म्हणून शिकल्या नाहीत. पण चुकल्याही नाहीत.

या नकाराची आणखी एक पायरी आहे. ‘चालेना’ आणि ‘चालवेना’. ‘पोरगं चालेना’ म्हणजे पाऊल टाकावयास तयार नाही, धरले तर रडते; काटा मोडला असेल, सांधा दुखत असेल, पडलेले असेल, क्वचित हट्टही असेल. ‘आजीला चालवेना’ म्हणजे इच्छा आहे, शक्ती नाही. एका ‘व’मुळे कर्ता ‘पोरगं’चा ‘आजीला’ होतो. चालणारी आजी वाक्याच्या सिंहासनावरून उतरून ‘ला’ लावून बाजूस उभी राहते; शरीर तिचे ऐकेनासे झाले, हे वाक्याची रचनाच सांगते. ‘घास गिळेना’ आणि ‘घास गिळवेना’ यांत असाच फरक आहे. मुलाने घास गालात धरून ठेवला तर गिळेना. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णास, किंवा अर्धांगानंतर घशाचे स्नायू लुळे पडलेल्यास, गिळवेना. दोन्हींचे इंग्रजी भाषांतर एकाच वाक्यात होते आणि मग तपासणीने ते पुन्हा वेगळे करावे लागते.

‘दिसेनासं झालं’ हे तिसरे. यात पूर्वी दिसत होते आणि मग दिसणे थांबले, असा दोन टप्प्यांचा इतिहास एका शब्दात भरला आहे. असे म्हणणाऱ्या मधुमेही रुग्णास ‘कधीपासून?’ हा प्रश्न लगेच विचारावा. ‘कमी दिसतं’ म्हणणारा मोतीबिंदूचा असू शकतो, तो पुढच्या महिन्याच्या शिबिराची वाट पाहू शकतो. ‘सकाळपासून दिसेना’ म्हणणाऱ्याचे नेत्रपटल पाहण्यास उशीर चालत नाही. ‘लघवी होईना’ म्हणणाऱ्या वृद्धाचे पोट तर प्रश्न विचारण्याआधीच चाचपावे.

सवय आणि घटना यांतली ही रेषा प्रत्येक रुग्ण दर वेळी काटेकोर पाळतो असे मी म्हणत नाही. भाषा हे थर्मामीटर नव्हे. घाबरलेला माणूस साध्या पडशालाही ‘श्वासच येईना’ म्हणतो. पण नाडी कधी कधी फसवते म्हणून आपण मनगट धरणे सोडत नाही.

जुन्या वर्तमानाचा आणखी एक वारस दवाखान्यात रोज हजेरी लावतो : ‘म्हणे’. ‘राजा म्हणे’ यातील हे क्रियापद आता क्रियापद राहिलेले नाही. ‘रात्री त्यांना दम लागला म्हणे’ असे सून सांगते, तेव्हा ती प्रामाणिकपणे कळवीत असते की हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. कायद्यात ऐकीव पुराव्यास वेगळे स्थान आहे; मराठी बोलणाऱ्या नातलगाने तो वेगळा काढूनच दिलेला असतो. मग आपले काम एवढेच की ज्याने पाहिले त्याला आत बोलवावे. तो बहुधा बाहेर दुचाकीजवळ उभा असतो.

आता आपल्या भागाची खरी अडचण. येथे रुग्ण चार भाषांत आजारी पडतो आणि एका पाचव्या भाषेत लिहिला जातो. मराठी, कन्नड, दखनी आणि तांड्यावरची लमाणी. कागद मात्र इंग्रजी. नवे डॉक्टर बहुधा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून आलेले असतात. ते हुशार आहेत, आमच्यापेक्षा अद्ययावत आहेत. मात्र ‘जाईना’ आणि ‘जात नाही’ त्यांच्या कानाला एकच लागते. त्यांना मराठी व्याकरण शिकवावे असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो एका ओळीचा. मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, हे वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या क्लिनिकल वर्षात सर्वांनाच शिकविले जाते. मग ती ओळ खरोखर त्याच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत, देवनागरीत किंवा कन्नड लिपीत लिहावयास काय हरकत आहे? खाली हवे तेवढे इंग्रजी लिहावे. पुढे ज्याच्याकडे रुग्ण जाईल, त्याला ‘येई’चे ‘येते’ झाले होते की नाही, हे तरी दिसेल.

माझ्याकडे काही महिने काम केलेल्या एका तरुण कन्नडभाषक सहकाऱ्यास मी ही ‘येईना’ची भानगड समजावून सांगत होतो. त्याने मध्येच थांबवून विचारले, ‘सर, म्हणजे निद्दी बरवल्दु का?’ मी चकितच झालो. उत्तर कर्नाटकाच्या बोलीतील हे रूप. ‘ओल्ले’ म्हणजे ‘मला नको, मी राजी नाही’, त्या शब्दाच्या कुळातले. निद्दी बरवल्दु : झोप यायला राजी नाही. ‘बरोदिल्ल’ म्हणजे येत नाही, ‘बरवल्दु’ म्हणजे येईना. पाऊस, झोप, घास, ताप यांनाही मर्जी असते असे सुचविणारे हे रूप कन्नडने आपल्या सामग्रीतून घडविले, मराठीने संस्कृतच्या जुन्या वर्तमानातून; आणि भीमा-मांजरेच्या काठी दोन्ही एकमेकांशेजारी एकाच कामाला लागली. दखनीला मात्र अशी सोय नाही. तो रुग्ण ‘नींदच नहीं आरी’ म्हणतो, आणि जो जोर द्यायचा तो मराठीकडून घेतलेल्या ‘च’वर देतो.

त्या दिवसापासून आमच्या सहकाऱ्याचे केसपेपर बदलले. वरच्या ओळीत कन्नड लिपीत, अवतरणचिन्हांत, एक मराठी वाक्य असे : ‘अन्न जाईना’. त्याच्याखाली कंसात, लहान अक्षरांत, ‘होगवल्दु’.